१९५५ च्या बातमीत ‘रवाना’ चालेल का?

एका तरुण कादंबरीकारानं विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्याची कादंबरी १९५५ च्या उन्हाळ्यातल्या पुण्यात घडते. घरातला थोरला मुलगा गोव्याच्या सत्याग्रहाला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडील ती बातमी वर्तमानपत्रात वाचतात. लेखकानं बातमीचा मथळा असा लिहिला: ‘सत्याग्रहींची तुकडी गोव्यासाठी रवाना’. त्याचा एक मित्र म्हणाला, ‘रवाना’ हा हिंदीतून आलेला शब्द आहे, तेव्हाचे मराठी पेपर ‘प्रयाण’ लिहीत. दुसरा म्हणाला, ‘रवाना’ तेव्हा मालाला वापरत, माणसांना नाही. यातलं खरं काय, असा प्रश्न आहे.

आधी थोडक्यात सांगतो. ‘रवाना’ बिनधास्त ठेवा. त्या मथळ्यात चूक आहे ती ‘साठी’ची. आणि मालाचा मुद्दा काढणाऱ्या मित्राच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते समजून घेतलंत तर तुमची बातमी अधिक खरी होईल.

मी दैनिकाच्या संपादकीय टेबलावर तीस वर्षं काढली. मी लागलो तेव्हा तिथले वडीलधारे उपसंपादक पन्नासच्या दशकात घडलेले होते, आणि त्यांनी मला शिकवलेल्या शब्दांत ‘रवाना’ होता. निवृत्तीनंतर जुन्या अंकांच्या फायली शब्दांसाठी वाचण्याचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. पुढे जी वाक्यं नमुना म्हणून देतो आहे ती त्या काळच्या साच्यावर मी बेतलेली आहेत. कुठल्या विशिष्ट अंकातली म्हणून ती उद्धृत करू नका.

‘रवाना’ हिंदीतून आला, हे पहिल्यांदा मनातून काढा. शब्द फारसी आहे. फारसीत ‘रवान’ म्हणजे चालता, वाहता. मराठीत तो हिंदी वर्तमानपत्रांच्या आणि हिंदी सिनेमाच्या कितीतरी आधी, राज्यकारभाराच्या वाटेनं आला. मजल, मुक्काम, कूच, राहदारी, रस्ता हे त्याचे सोबती. पेशवाईतल्या कागदपत्रांत पत्रं रवाना होतात, जासूद रवाना होतात, खजिना रवाना होतो, स्वार रवाना केले जातात. पत्र मिळालं की त्यावर ‘पैवस्ती’ची नोंद होई, म्हणजे पोचल्याची. सुटण्याला एक शब्द, पोचण्याला दुसरा, आणि मधली वाट कागदावर नाही. या शब्दाचा पुढचा सगळा स्वभाव मला या दोन नोंदींच्या मधल्या जागेत दिसतो.

मालाचा धागाही इथलाच. कंपनी सरकारच्या अमलात नाक्यावरून माल पुढे नेण्याच्या परवान्यालाच ‘रवाना’ म्हणत. उत्तरेत खाणीतून माल बाहेर काढताना लागणाऱ्या पावतीला अजूनही ‘रवन्ना’ म्हणतात. तेव्हा मालाचा मुद्दा काढणाऱ्या मित्राला हा धागा कुठेतरी जाणवला असणार. शब्दाच्या पोटात ‘पाठवणं’ आहे. जाणाऱ्याच्या मागे कुणीतरी पाठवणारा उभा आहे, ही छटा त्यात असतेच. पण पाठवली जाणारी गोष्ट माणूस असू नये, असं बंधन मराठीनं कधी घातलेलं नाही.

‘प्रयाण’वाल्या मित्राच्या मताचाही उगम मला ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात मराठीत भाषाशुद्धीची चळवळ जोरात होती. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून सावरकरांनी ती उचलून धरली. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे आग्रही पुरस्कर्ते झाले. ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ आला, ‘मेयर’ जाऊन ‘महापौर’ आला. या लाटेत प्रवासाच्या बातम्यांतही संस्कृत शब्द वाढले: प्रयाण, आगमन, प्रस्थान. पण ‘तारीख’ जशी ‘दिनांक’च्या शेजारी टिकली, तसा ‘रवाना’ही ‘प्रयाण’च्या शेजारी टिकला. कारण दोघांचं काम एकच नव्हतं.

‘प्रयाण’ हा मानाचा शब्द. पंतप्रधानांचं, राज्यपालांचं, एखाद्या धर्मगुरूंचं प्रयाण. ज्याच्या जाण्याला समारंभ आहे, हार आहेत, निरोपाला मंडळी आहेत, त्याचं प्रयाण. या शब्दाला एक अडचणही होती, आणि ती आमच्या टेबलावर पहिल्या आठवड्यातच सांगितली जाई. गीतेच्या आठव्या अध्यायात ‘प्रयाणकाले’ आहे ते देह सोडण्याच्या वेळेबद्दल. ‘महाप्रयाण’ म्हणजे मृत्यूच. त्यामुळे वयोवृद्ध, आजारी पुढाऱ्याच्या बातमीत गावाचं नाव न घालता नुसतं ‘प्रयाण’ मथळ्यात टाकायचं नाही, हा दंडक होता. उपचारासाठी परदेशी निघालेल्या माणसाबद्दल ‘रवाना’ लिहिलं की कुणाच्या काळजाचा ठोका चुकत नसे.

‘प्रस्थान’ तर जवळजवळ वारीचंच. आळंदीहून आणि देहूहून पालखीचं प्रस्थान होतं. घराघरांतही या शब्दाला एक जुना अर्थ होता. प्रवासाचा मुहूर्त साधायचा आहे पण त्या दिवशी निघणं जमत नाही, तर सामानातली एखादी वस्तू किंवा फडक्यात बांधलेली सुपारी-तांदूळ मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. याला ‘प्रस्थान ठेवणं’ म्हणत, बोलीत ‘पस्तान’. पन्नासच्या दशकातल्या वाचकाला हा अर्थ ओळखीचा होता, म्हणून संघाच्या किंवा मंत्र्याच्या बातमीत ‘प्रस्थान’ तेव्हा तितकंसं रुळलेलं दिसत नाही. ‘कूच’ फौजेचं किंवा मोर्चाचं. आणि पायी चालणाऱ्याला ‘रवाना’ फारसा बसत नाही, असं माझं मत आहे. विनोबा १९५१ पासून भूदानासाठी गावोगाव चालत होते. ते पुढच्या मुक्कामाला निघत, पुढच्या गावी जात. ‘रवाना’ला गाडी लागते, बोट लागते, विमान लागतं, नाहीतर निदान हुकूम लागतो.

आता खऱ्या गाभ्याकडे येतो. वर्तमानपत्रांना हा शब्द एवढा का लागे?

त्या वेळच्या कचेरीतली रात्र डोळ्यांपुढे आणा. बाहेरगावच्या अंकासाठी डाक आवृत्ती आधी निघायची, कारण तिचे गठ्ठे रात्रीच्या गाड्यांवर चढवायचे असत. बातमी येई ती तारेनं, टेलिप्रिंटरवरून, ट्रंक कॉलवरून किंवा गावच्या बातमीदाराच्या टपालानं. पीटीआयनं १९४९ मध्ये जुन्या असोसिएटेड प्रेसचं काम हाती घेतलं तरी तिचा मजकूर इंग्रजीतच यायचा, आणि त्याचं मराठी करायला उपसंपादकाच्या हातात मिनिटं असत. इंग्रजी मजकुरात ‘लेफ्ट फॉर’ हे दोन शब्द दिवसाला वीसदा येत. त्यांना मराठीत एकच शब्द हवा, आणि तो असा हवा की माणूस निघाला एवढंच सांगेल, पोचला की नाही याची हमी देणार नाही.

ही गरज आज चटकन ध्यानात येत नाही. आज निघालेल्याचं विमान कुठं आहे ते आपण फोनवर बघतो. तेव्हा अंक छापखान्यात जाताना खात्रीची गोष्ट एकच असे: माणूस सुटला. तो उद्या पोचेल, परवा पोचेल, वाटेत अडवला जाईल, हे उद्याच्या अंकात. ‘गेले’ म्हटलं तर पोचल्यासारखं वाटतं. ‘निघाले’ म्हटलं तर घरगुती वाटतं, शिवाय निघण्याच्या बेतात आहेत असाही अर्थ होतो. ‘रवाना झाले’मध्ये स्टेशन सुटलेलं आहे आणि मुक्काम आलेला नाही. पेशवाईतला कारकून पत्र जासुदाच्या हाती देऊन जेवढं खात्रीनं लिहू शकत होता, तेवढंच १९५० चा उपसंपादक लिहू शकत होता. म्हणून त्यानं त्याच कारकुनाचा शब्द घेतला. आणि गंमत म्हणून नव्हे, खरंच सांगतो, रात्री खाली छापखान्यात आमचा स्वतःचा अंकही रवानाच होत असे. ‘नगरचे गठ्ठे रवाना झाले का?’ हा रोजचा प्रश्न.

जुळणीचाही वाटा आहे, आणि कोशकार सहसा तो लक्षात घेत नाहीत. हातानं खिळे जुळवायचे दिवस होते. ‘प्रस्थान’मध्ये दोन जोडाक्षरं, ‘प्रयाण’मध्ये एक. ‘रवाना’मध्ये साधी तीन अक्षरं आणि दोन काने. वर मात्रा नाही, वेलांटी नाही, खाली उकार नाही. एका कॉलमच्या अरुंद मथळ्यात मोठ्या टायपात बसवायला असा शब्द म्हणजे जुळाऱ्याला दिलासा. शिवाय तो लिंगवचनानं बदलत नाही. तुकडी रवाना, संघ रवाना, जहाजं रवाना, मंत्री रवाना. क्रियापद गाळलं तरी मथळा पुरा वाटतो. रात्री अकरा वाजता हे गुण लहान नसतात.

व्याकरणाकडे येऊ, कारण तुमची चूक तिथं आहे. ‘गोव्यासाठी रवाना’ ही रचना हिंदीतल्या ‘के लिए रवाना’वरून मराठीत शिरलेली आहे आणि ती अलीकडची आहे. १९५५ चा उपसंपादक ‘दिल्लीस रवाना’, ‘लंडनला रवाना’ किंवा ‘बेळगावकडे रवाना’ लिहील. ‘साठी’ तो राखून ठेवील ती हेतूला: ‘परिषदेसाठी लंडनला रवाना’. ठिकाणाला ‘स’ किंवा ‘ला’, कारणाला ‘साठी’, अशी स्वच्छ वाटणी होती. ‘कडे’ची मात्र वेगळी खुबी आहे. ज्या ठिकाणी थेट पोचण्याची खात्री नाही, किंवा जिथं वाट लांबची आणि टप्प्याटप्प्याची आहे, तिथं ‘कडे’ येतो. ‘सैन्य सरहद्दीकडे रवाना’ होतं, ‘सरहद्दीस’ होत नाही. तुमच्या सत्याग्रहींना हाच ‘कडे’ हवा, कारण त्यांना गोव्यात शिरू दिलं जाणार की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं.

दुसरी वाटणी ‘झाले’ आणि ‘केले’ची. ‘जादा पोलीस रवाना झाले’ आणि ‘सरकारने जादा पोलीस रवाना केले’ यांत फरक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या दिवसांत हा फरक फार बोलका होता. पहिल्या वाक्यात पोलीस जणू आपोआप गेले, दुसऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव घेतलं. ‘कुमक’ हा शब्दही त्याच घरचा, आणि ‘पोलिसांची जादा कुमक रवाना’ हे चार शब्द एकमेकांना असे चिकटले की अजून सुटलेले नाहीत. तसाच ‘पथका’चा जोड. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुणं वाहून गेलं, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. अशा दिवसांच्या बातम्यांत धान्य, कपडे, औषधं आणि डॉक्टरांची पथकं ‘रवाना’च होतात. पाठवलेली मदत आणि जाणारा माणूस इथं एका शब्दात शेजारी बसतात, आणि मालाचा मुद्दा इथं संपतो.

मग ‘रवानगी’. हिला ‘रवाना’चं नाम समजून वाटेल तिथं वापरू नका. मराठी वर्तमानपत्रात रवानगी होते ती बहुतेक मर्जीविरुद्ध: येरवड्याच्या तुरुंगात रवानगी, वेड्यांच्या इस्पितळात रवानगी, हद्दपार माणसाची रवानगी. क्रिकेटमधलं एक उदाहरण देतो, म्हणजे फरक कायमचा लक्षात राहील. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात लाला अमरनाथ भरात खेळत असताना कर्णधार विजयनगरमच्या महाराजकुमारांशी खटका उडाला आणि पहिल्या कसोटीआधीच त्यांना मायदेशी परत धाडलं गेलं. ती झाली रवानगी. अकरा वर्षांनी तेच अमरनाथ स्वतंत्र भारताच्या पहिल्या संघाचे कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले. तेव्हा संघ ऑस्ट्रेलियाला रवाना झाला. माणूस एक, पण शब्दाच्या शेपटीत त्याची मर्जी आहे की नाही हे ठरतं.

बेचाळीसची गोष्ट या दोन शब्दांच्या मधली आहे, आणि मला ती या शब्दाच्या इतिहासातली सर्वांत मोठी वाटते. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजी आणि काँग्रेस कार्यकारिणी पकडली गेली. खास गाडीनं त्यांना बोरीबंदरहून नेलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं, कार्यकारिणीला पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात. कुणाला कुठं ठेवलंय हे सरकारनं जाहीर केलं नव्हतं. अशा वेळी बातमीदारानं लिहायचं काय? गाडी सुटलेली लोकांनी पाहिली आहे, ती कुठं गेली हे छापायची सोय नाही. ‘अज्ञात स्थळी रवाना’ हे तीन शब्द अशाच बातमीसाठी जन्मले असावेत असं वाटावं, इतके ते या प्रसंगाला बसतात. गाव नाही, पोच नाही, पाठवणाऱ्याचं नाव घेतलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. आज आमदारांचे गट हॉटेलांत नेतात तेव्हा हेच शब्द छापले जातात, तेव्हा मला त्या आगगाडीची आठवण होते.

आता एक हलकी बाजू, पण माझी सर्वांत आवडती. पन्नास-साठच्या दशकांतल्या पेपरात आतल्या पानावर एक चौकोन असायचा. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा फोटो, टाय लावलेला तरुण, केस चापून बसवलेले, आणि खाली दोन ओळी: ‘श्री. अमुक हे उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस रवाना होत आहेत.’ कधी ‘विलायतेस’, कधी ‘पश्चिम जर्मनीस’. क्वचित ‘कु.’ किंवा ‘सौ.’ असे. खाली वडिलांचं नाव, गाव, आधीची पदवी. या दोन ओळी आणि फोटो घेऊन वडील स्वतः कचेरीत येत, आणि आमच्या वेळेपर्यंत येत राहिले. फोटो पाकिटातून काढून टेबलावर ठेवतानाचे त्यांचे हात मी पाहिलेत. मुलगा अजून घरातच असायचा. विमान चार दिवसांनी. पण गावाला कळायला हवं, सासुरवाडीला कळायला हवं, आणि ज्यांनी शिक्षणाला हात लावला त्या ट्रस्टला, त्या मास्तरांना कळायला हवं.

इथं ‘प्रयाण’ का नाही? कारण तो मुलगा अजून कुणी नाही. त्याला पाठवलं जातंय. आईचे दागिने, काकांचं कर्ज, एखादी शिष्यवृत्ती, जातीच्या संस्थेची मदत, या सगळ्यांनी मिळून त्याला पाठवलंय. ‘रवाना’मधला तो पाठवणारा, जो मंत्र्याच्या बातमीत दिसत नाही, तो इथं फोटोच्या चौकटीबाहेर उभा आहे. एअर इंडियाची मुंबई-लंडन सेवा ८ जून १९४८ ला सुरू झाली आणि न्यूयॉर्कपर्यंतची १४ मे १९६० ला. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षं पुष्कळ मुलं बॅलार्ड पिअरवरून बोटीनं गेली. निघणं हीच मोठी घटना होती, म्हणून ती छापली जाई. पोचल्याची बातमी कधी आली नाही, ती फक्त निळ्या एअरमेल पत्रातून घरी येई.

खाशाबा जाधवांचं पाहा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं तर पैसे नव्हते. गोळेश्वरच्या आणि कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं. पदक ही नंतरची बातमी. ते रवाना झाले हीच आधी मिळवावी लागलेली गोष्ट होती.

आणि एक काळजी तुमच्या कादंबरीपुरती. हा शब्द पेपरात राहू द्या, माणसांच्या तोंडी घालू नका. १९५५ च्या पुण्यातली आई मुलाबद्दल ‘रवाना झाला’ म्हणणार नाही. ती म्हणेल ‘निघाला’, ‘गाडीत बसवून आले’, ‘गेला हो सकाळीच’. निघताना मुलगा ‘जातो’ म्हणणार नाही, ‘येतो’ म्हणेल, कारण ‘जातो’ म्हणायचं नसतं. घरात ‘येतो’ म्हणून उंबरा ओलांडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी कागदावर ‘रवाना’ होतो. वडील ती ओळ वाचतात तेव्हा त्यांना काय होत असेल, ते लिहिणं तुमचं काम आहे, पण दोन शब्दांतलं हे अंतर वाया घालवू नका.

गोव्याच्या संदर्भाबद्दल थोडं, म्हणजे बातमीची तारीख जुळेल. गोवा विमोचन सहायक समितीचं काम पुण्यातून चाले. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्याबरोबर पहिली तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. सत्याग्रहींना बेदम मारहाण झाली, गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली, ते १९५७ साली सुटले. मग उन्हाळा आणि पावसाळाभर तुकड्या जात राहिल्या, आणि १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही एकाच दिवशी हद्दीवर गेले तेव्हा पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पुण्याहून जायचं तर मिरजेवरून बेळगावची गाडी, मीटरगेजची. पुढे सावंतवाडी, बांदा अशी हद्दीजवळची गावं. म्हणजे पुण्याच्या स्टेशनावर उभ्या राहिलेल्या बातमीदाराला ‘बेळगावकडे’ एवढंच डोळ्यांनी दिसत होतं.

त्या लढ्यात रवानगीही झाली. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे १९५५ मध्येच पकडले गेले. त्यांना पुढे पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते आतच होते, आणि सुटले ते १९६९ च्या जानेवारीत. तुमच्या थोरल्या मुलाचं पुढं काय होतं ते मला माहीत नाही. तो पकडला जाणार असेल तर दुसऱ्या बातमीत ‘आग्वादच्या तुरुंगात रवानगी’ असं येईल, आणि पहिल्या बातमीतला ‘रवाना’ वाचकाला तेव्हा पुन्हा ऐकू येईल.

शेवटचं, शुद्धलेखन. १९५५ च्या छापील मजकुरावर न उच्चारले जाणारे अनुस्वार घाला. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. त्याआधी ‘गाडीनें’, ‘पुण्यांत’, ‘नाहीं’ असंच सर्रास छापलं जाई. ‘रवाना’वर मात्र अनुस्वार कधीच नव्हता. तुमची बातमी मी असा साचा धरून लिहून दाखवतो:

‘सत्याग्रहींची तुकडी बेळगांवकडे रवाना

(आमच्या बातमीदाराकडून)

पुणें, ता. — : गोव्याच्या मुक्तिसंग्रामांत भाग घेण्यासाठीं येथील सत्याग्रहींची एक तुकडी आज सायंकाळच्या गाडीनें बेळगांवकडे रवाना झाली. तुकडीस निरोप देण्यासाठीं स्टेशनवर मोठा जनसमुदाय जमला होता. तुकडी कोणत्या मार्गानें हद्दींत प्रवेश करणार हें जाहीर करण्यांत आलेलें नाहीं.’

तारखेची जागा मी मोकळी सोडली आहे. पहिली तुकडी दाखवायची नसेल तर १८ मे च्या नंतरची कुठलीही घाला. आणि मुलाचं नाव बातमीत घालू नका. तुकडीत तो एक आहे, आणि वडिलांना ते नाव त्या ओळीत शोधूनही सापडू नये.